मदत हवी आहे: डीटीएस ऑडिओचं एसी३ (म्हणजे डॉल्बी डिजिटल) करायचंय, पण ५.१ (सहा चॅनलचा सराउंड आवाज) तसंच राहायला हवं

मंडळी, माझ्याकडच्या ब्लू-रेवरून काढलेल्या फायलींचा ऑडिओ डीटीएस ५.१ आहे आणि नवा टीव्ही डीटीएस घेतच नाही, चित्र चालू आणि आवाज गुल. एका फुकटच्या कन्व्हर्टरने एसी३ केलं तर त्याने गुपचूप स्टिरिओच करून टाकलं, मागचे स्पीकर मुके आणि डायलॉग इतके बारीक की आई म्हणते, "काय कुजबुजतायत हे?" फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता दाबणारा फॉरमॅट) सहाही चॅनल राहतात, पण टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल वायर आहे, तिच्यातून पीसीएमचे (न दाबलेल्या आवाजाचे) दोनच चॅनल जातात, दाबलेल्या एसी३चे मात्र सहाही जातात, म्हणजे एसी३च लागणार. एफएफएमपेगमध्ये (कमांडने चालणारा फुकटचा कन्व्हर्टर) व्हिडिओ नुसता कॉपी करून ऑडिओला ६४० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) दिले तर बास ना? मूळ १५०९ आहे म्हणून जीव खालीवर होतोय. आणि चाळीसेक फायली एकदम कशा करायच्या? विंडोज आहे, कमांड टाइप करायला घाबरत नाही.