मदत हवी आहे: १९७१ नंतरही डॉलर कसा टिकला?

मंडळी, लेकीने काल जेवताना विचारलं, आई तेलाचे सौदे बहुतेक डॉलरमध्येच का होतात, आणि माझा घास हातातच राहिला. १९४४ पर्यंतचं नीट सांगितलं, म्हणजे युरोप बेचिराख, अमेरिकेचे कारखाने शाबूत, सोन्याचा मोठा साठा त्यांच्याकडे, मग जगाच्या पैशाचे नियम ठरवायला अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देश बसले आणि ३५ डॉलरला एक औंस सोनं असा हिशोब ठरला (आपले चिंतामणराव देशमुख पण होते तिथे, हे सांगताना फार बरं वाटलं). पण १९७१ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सननी डॉलरच्या बदल्यात सोनं द्यायचंच बंद केलं, तरी जगातलं मुख्य चलन म्हणून डॉलरची गादी गेली कशी नाही? तेल डॉलरमध्ये विकायचं सौदीशी जमवलं म्हणून, की दुसरं चलनच तेवढं तगडं नव्हतं? कोणी इकॉनॉमिक्सवाले असाल तर सोप्या मराठीत सांगा ना, तिला रविवारी समजावायचंय.