मदत हवी आहे: कोंबड्यांसाठी उभ्याने आत जाता येईल असे मोठे जाळीचे आवार तयार घ्यावे की बांधून घ्यावे?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नसलेल्या आमच्या घराच्या परड्यात वीसेक कोंबड्या आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक गावठी आहेत आणि बाकीच्या गिरिराज या सुधारित जातीच्या. रात्री त्या चिऱ्याच्या पक्क्या खुराड्यात असतात आणि तिथे त्यांना धोका नाही. प्रश्न आहे तो दिवसाचा. शेजारच्या बागेत मुंगसांची ये-जा वाढली आहे, शिक्रा माडावर बसून तलंगांवर नजर ठेवून असतो आणि रस्त्यावरची कुत्री गडग्यावरून सहज आत येतात. मुंगूस दिवसाच शिकार करत असल्यामुळे खुराडे कितीही भक्कम असले तरी त्याचा उपयोग होत नाही. मुंगसाला पकडणे किंवा मारणे आम्हाला करायचे नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते करताही येत नाही. म्हणून खुराड्याला लागूनच जाळीचे बंदिस्त आवार करायचे, असे घरात ठरले आहे.

आकाराबद्दल शंका नाही. बाहेरच्या मोकळ्या जागेसाठी एका कोंबडीमागे १० चौरस फूट हा सर्वसाधारण हिशेब धरला, तर २० कोंबड्यांना २०० चौरस फूट, म्हणजे १० बाय २० फूट जागा लागते आणि तेवढी ती आहे. उंची सगळीकडे ७ फूट तरी हवी, कारण अंडी गोळा करणे आणि झाडलोट ही दोन्ही कामे आई करते आणि वाकून चालणे तिला आता झेपत नाही. घमेले घेऊन आत जाता येईल एवढे रुंद दारही हवे.

आता खरा पेच. ऑनलाइन मिळणारे तयार संच साधारण ३ बाय ६ मीटरचे असतात, म्हणजे आमच्या मापात जवळपास बसतात. त्यांत पातळ गोल पाइपांची चौकट, षटकोनी कोंबडी-जाळी आणि छताच्या काही भागावर ताडपत्री असते. जोडायला सोपे आणि किंमतही आवाक्यातली, परंतु दापोलीत वर्षाला ३,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, हे लक्षात घेतले की त्या ताडपत्रीची काळजी वाटू लागते. तिच्यात पाण्याची झोळ तयार झाली तर त्या वजनाने पाइप वाकतील. वाऱ्याचे तर विचारूच नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या बागा आणि घरांची छपरे यांचे काय केले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

दुसरा पर्याय म्हणजे गावातल्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकोनी पाइपांची चौकट करून घेणे. तो किलोवर दर लावतो आणि त्याचे काम मजबूत असते, मात्र जाळी म्हणून तो दोन इंची चेनलिंक (तारा एकमेकींत गुंतवलेली जाळी) हीच सुचवतो, कारण कुंपणाला तो तीच वापरतो. मी दुकानातून षटकोनी जाळी आणि अर्धा इंची वेल्डमेश (तारा वेल्ड करून जोडलेली चौकोनी जाळी) यांचे वीतभर तुकडे आणून पाहिले. षटकोनी जाळी दोन्ही हातांनी ताणली तरी तारेचा पीळ सैल होऊन भोक लांबट होते. वेल्डमेशच्या चौकोनावर अंगठ्याने कितीही जोर दिला तरी तो जागचा हलत नाही. हा फरक पाहिल्यावर षटकोनी जाळी मुंगसाला किंवा कुत्र्याला अडवेल यावर विश्वास बसत नाही. परंतु बाजू आणि छत मिळून संपूर्ण आवार अर्धा इंची वेल्डमेशने मढवायचे तर आमचे ६० हजारांचे अंदाजपत्रक बहुधा कोलमडेल.

त्यात जमिनीचा प्रश्न आहे. जाळी दीड-दोन फूट पुरावी असे सगळीकडे सांगितले जाते, पण आमच्या परड्यात हातभर मातीखाली जांभ्याचा कातळ लागतो आणि काही ठिकाणी तो उघडाच आहे. तिथे चर खणणार कसा आणि खांब रोवणार कसा?

तेव्हा ज्यांनी कोकणात किंवा अशाच मुसळधार पावसाच्या भागात असे आवार केले असेल, त्यांनी कृपया तीन गोष्टींबद्दल सांगावे. अर्धा इंची जाळी फक्त खालच्या तीन फुटांना लावून वर स्वस्त जाळी वापरली तर चालते का? छत संपूर्ण पत्र्याचे करावे की अर्धे? आणि कातळावर बुड कसे पक्के करावे? पैसे मर्यादित असल्यामुळे कुठे हात आखडता घेतला तर चालेल आणि कुठे अजिबात घेऊ नये, हे कळले तर निर्णय घेता येईल.

प्रतिसाद

नमस्कार. आमचे आवार गुहागरकडे आहे आणि जमीन तुमच्यासारखीच कातळाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तयार संच घेऊ नका. कोरड्या हवेच्या प्रदेशात तो चांगला असेल, आपल्याकडे नाही. फॅब्रिकेटरचीच चौकट घ्या, पण चेनलिंकला ठाम नकार द्या. मुंगूस जाळीवर चढू शकतो, आणि दोन इंची भोकातून लहान मुंगूस सहज आत शिरतो. खालचे तीन फूट अर्धा इंची आणि त्यावर छतापर्यंत एक इंची वेल्डमेश, अशी विभागणी आम्ही केली आहे. खाली बारीक जाळी हवी ती मुख्यतः उंदीर आणि साप यांच्यासाठी. उंदीर दाण्यामागे येतो आणि साप उंदरामागे, म्हणून दाणा आवारात सांडू न देता खुराड्यातच द्यावा.

खणायचा नादच सोडा. जाळीचा दीड ते दोन फूट रुंद पट्टा बुडापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा, उभ्या जाळीला तारेने घट्ट शिवा आणि वर चिरे ठेवा. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी कडेला उकरायला लागतो आणि तिथे त्याच्या पंजांखाली जाळीच येते. दोन फूट मागे जाऊन सुरुवात करावी, हे सहसा त्याला सुचत नाही. खांबांसाठी कातळात फूटभर खोल भोके पाडून, १२ मिलिमीटरच्या सळ्या सिमेंटने बसवून त्यांना खांब वेल्ड करावेत. जांभा सच्छिद्र असल्यामुळे नुसते ठोकायचे बोल्ट त्यात कालांतराने ढिले होतात. चिऱ्याचा एक थर जोते म्हणून बांधलात तर उभी जाळी ओल्या मातीपासून वर राहील आणि लवकर गंजणार नाही, पण उताराच्या बाजूला पाणी जायला फटी ठेवा आणि त्या फटींनाही जाळी लावा.

छताच्या बाबतीत माझे मत असे की खुराड्याकडचा अर्धा भाग पत्र्याचा करावा आणि उरलेल्या भागावर एक इंची जाळी. पत्र्याखाली भाताचे तूस आणि सुका पाचोळा वीतभर पसरला की पावसाळाभर कोंबड्यांना कोरडी जागा मिळते. ही कोरडी जागा फार महत्त्वाची आहे, कारण तूस भिजून कुजले की रक्ती हगवण पसरते आणि लहान पक्षी भराभर जातात. जाळीखालच्या भागात तूस घालूच नये, तिथली माती मोकळीच बरी. पत्र्याची पावळी आवाराच्या बाहेर पडेल असा उतार द्या आणि पत्रे जे-बोल्टने (पाइपाला अडकणाऱ्या वाकड्या टोकाच्या बोल्टने) आवळा, नाहीतर वादळात ते आधी उडतात. नैऋत्येकडून येणारी झड अडवायला माडाच्या झापांच्या झड्या पुरतात. त्यावर खर्च करायची गरज नाही.

हात आखडता घ्यायचाच असेल तर लांबी कमी करा, २० ऐवजी १६ फूट, आणि पुढच्या वर्षी वाढवा. शेवटची चौकट बोल्टची ठेवली तर ते सहज जमते. जाळीच्या दर्जात मात्र काटकसर नको. समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत साध्या जाळीचे सांधेच आधी गंजतात, म्हणून वेल्डिंग झाल्यानंतर जस्तलेपन केलेली जाळी मागा, आणि फॅब्रिकेटरकडून कोटेशन घेताना तारेची जाडी व जस्तलेपनाचा प्रकार कागदावर लिहून घ्या. काम मृगाच्या आधी संपायला हवे.

प्रश्नकर्त्याकडून

मनापासून आभार. लांबी कमी करून जाळी चांगली घेण्याचा मार्ग आईलाही पटला आहे. एक शंका उरली: दार आत उघडणारे असावे की बाहेर? आणि गावठी कोंबड्या दार उघडताच निसटतात, त्यासाठी आणखी एक छोटे दार करून मध्ये उभे राहण्यापुरती जागा ठेवणे कोणी केले असल्यास ती किती ठेवली, तेही कृपया सांगावे.