एक्लेअर म्हणजे गोळी नव्हे, मग काय?

दिवेलागण: एका फ्रेंच कथेचं भाषांतर करतेय. त्यातली आजी दर रविवारी चर्चमधून येताना पाहुण्यांसाठी एक्लेअरचा खोका आणते. मी सरळ ‘एक्लेअर’ लिहिलं. सासूबाईंनी वाचलं नि म्हणाल्या, "एवढी खानदानी बाई, आणि पाहुण्यांपुढे चघळायच्या गोळ्या ठेवते?" त्यांचंही खरंच. आपल्याकडे एक्लेअर्स म्हणजे दाताला चिकटणारी टॉफी. म्हणून खोडून ‘क्रीम रोल’ केलं, तर फ्रेंच शिकवणारी मैत्रीण भडकली. आता काय लिहू?

खमंग_काकडी: बरोबर भडकली. क्रीम रोल हा खारीचा भाऊ. पत्र्याच्या नळकांड्यावर पट्टी गुंडाळून भाजतात, पापुद्रे सुटतात. एक्लेअरला पापुद्रा नाहीच. त्याचं पीठ म्हणजे चक्क उकड! पाणी आणि लोणी उकळायचं, मैदा एकदम ओतायचा, पातेल्याच्या बुडाला पातळ थर धरेपर्यंत घोटायचा, जरा निवला की एकेक अंडं फेटत घालायचं. मग लांबट पाडून भट्टीत. आतल्या पाण्याची वाफ होते, तीच त्याला फुगवते नि पोकळ करते. त्या पोकळीत गार कस्टर्ड, वर चॉकलेटचा चकचकीत हात. पहिल्या वेळी मी मधेच ओव्हन उघडून डोकावले, तर डोळ्यांदेखत सगळे बसले. चपलेचे तळवे नुसते.

टिंबटिंब: फ्रेंचमध्ये ‘एक्लेर’ म्हणजे वीज. मग ‘वीजवडी’ लिहा की! परक्या शब्दापुढे लगेच का लोटांगण?

पाटीपेन्सिल: वीजवडी? वायरमन विकतो काय? पाव, बटाटा, काजू पोर्तुगीजांकडून घेतले तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. अडचण शब्दाची नाहीच, त्या ‘स’ची आहे. वाण्याकडे आपण "एक एक्लेअर्स द्या" म्हणतो. ‘स’ काढला की गोळी गेली, पेस्ट्री उरली.

टिंबटिंब: ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ हे घडवलेलेच शब्द आहेत. ते चालतात ना?

ल्योंवासी: वीज का, यावर इथे फ्रान्समध्येही दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वरचा थर लखलखतो म्हणून. दुसरा म्हणतो, वीज चमकून जावी तसा बघता बघता संपतो म्हणून. माझं मत दुसऱ्याला. आमच्या ऑफिसखाली लोक उभ्याउभ्या तीन घासांत उडवतात. नाव १९व्या शतकाच्या मध्यावरचं, त्याआधी ‘पेतीत द्युशेस’, म्हणजे छोटी डचेस. कारेम या नामांकित आचाऱ्याला (१७८४-१८३३) श्रेय देतात, पण ‘एक्लेर’ हे नाव रूढ झालं ते तो गेल्यानंतर. गंमत म्हणजे पिठालाच ‘शू’ म्हणतात, म्हणजे कोबी. फुगलेला गोळा कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो म्हणून. एका गोळ्यावर दुसरा ठेवला की झाली ‘रलिझ्यूज’, जोगीण. आणि याच पिठाचा ‘पॅरिस-ब्रेस्त’ तर त्या नावाच्या सायकल शर्यतीवरून १९१० साली निघालेला, चाकासारखा गोल. नवरा बायकोला लाडाने ‘मों पती शू’ म्हणतो. माझा छोटा कोबी!

पाटीपेन्सिल: आपण नाही का पोराला ‘माझा लाडू’ म्हणत. पण मराठीत लिंग कुठलं? फ्रेंचमध्ये पुल्लिंगी, आपली वीज मात्र ‘ती’. माझी मुलं सर्रास ‘ते एक्लेअर’ म्हणतात.

खमंग_काकडी: तो. मोदक तो, मग हाही उकडीचा, तोच.

टिंबटिंब: मोदकाची उकड तांदळाची, आणि तिच्यात अंडं? गणपती रागावेल! मैद्याच्या चिकट गोळ्याला उकड म्हटलेलं चालतं, वीजवडी तेवढी चालत नाही. अजब न्याय.

खमंग_काकडी: उकड ही कृती आहे हो, धान्य नव्हे. आमच्याकडे ज्वारी जुनी असली की भाकरीलाही पिठाची उकड काढतात. तिला काय म्हणता?

टिंबटिंब: ती उकड. पण ती भट्टीत घालून फुगवत नाही कुणी.

दिवेलागण: अहो, उद्या संपादकांकडे पानं जायची आहेत! तूर्त ‘क्रीम भरलेले एक्लेअर’ केलंय. सासूबाईंचा प्रश्न: गोळीत क्रीम कसं भरतात?

पाटीपेन्सिल: खोक्याऐवजी ‘पेस्ट्रीवाल्याकडचा खोका’ लिहून बघा. बाकी काकडीताई, ताकातली उकडही उकडच, पण ती चमच्याने खातात. तिचं काय करायचं?