सोसायटीच्या इतिवृत्तातलं 'वाटप': सगळीकडे डिस्ट्रिब्यूट चालेल का?

प्रश्न
इतिवृत्त इंग्रजीत लिहायचंय. पार्किंगच्या जागा सोडत काढून दिल्या, दुरुस्तीचा खर्च फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे लावला, दिवाळीची मिठाई वाटली. तिन्हीकडे डिस्ट्रिब्यूट लिहू का?

प्रतिसाद १
फक्त मिठाईला लिहा. डिस्ट्रिब्यूटमध्ये वस्तू अनेकांपर्यंत पोचली एवढंच येतं.

पार्किंगला अलॉट. सोडतीने किंवा नियमाने ठरावीक जागा ठरावीक माणसाच्या नावावर लागली की अलॉट. म्हाडाची घरं, आयपीओचे शेअर तसेच. निवडणूक चिन्हांच्या १९६८ च्या आदेशाच्या तर नावातच अलॉटमेंट आहे.

खर्चाला अपॉर्शन, म्हणजे प्रमाण धरून हिस्से पाडणे. ६०० आणि ९०० चौरस फुटांचे दोनच फ्लॅट, खर्च १,२०,००० रुपये, तर ४८,००० आणि ७२,०००. कशाच्या प्रमाणात तेही त्याच वाक्यात लिहा, नाहीतर पुढच्या सभेत वाद ठरलेला. दोष कोणाचा किती, हे ठरवायलाही हेच क्रियापद.

प्रतिसाद २
अलोकेट राहिलं. रंगकामासाठी दोन लाख बाजूला काढले, पण अजून खर्च झाले नाहीत, तर अलोकेट. तिथे स्पेंट लिहिलंत तर ऑडिटर पावत्या मागेल.

रचनाही सांभाळा. 'अलॉटेड हिम अ स्लॉट' चालतं, 'डिस्ट्रिब्यूटेड द मेंबर्स स्वीट्स' चालत नाही. 'स्वीट्स टू द मेंबर्स' किंवा 'अमंग द मेंबर्स' हवं. तीन भाग केले तर डिव्हाइडेड इंटू थ्री, इन नव्हे. आणि दोघांत बिट्वीन, जास्त असले की अमंग, हा शाळेतला नियम फार ताणू नका. 'डिव्हाइडेड बिट्वीन द थ्री ओनर्स' अगदी बरोबर आहे.

प्रश्नकर्ता
इंटू म्हणजे गुणिले ना?

प्रतिसाद २
आपल्याकडे. फोर इंटू ट्वेंटी म्हटलं की आपण ८० म्हणतो, इंग्लंडमध्ये उत्तर ५ येतं, कारण तिथे ते वीसमध्ये चार किती वेळा जातात असं वाचतात. आकडेमोड लिहायची तर चिन्हंच वापरा.

प्रतिसाद ३
डोल आउट मात्र लिहू नका. हात आखडून थोडं थोडं दिल्याचा किंवा उपकार केल्याचा वास येतो. ब्रिटनमध्ये बेकारभत्त्यालाच डोल म्हणतात. डिस्पेन्स औषधाच्या दुकानात ठीक. त्यापुढे विथ लागलं की अर्थ फिरतो: 'डिस्पेन्स्ड विथ स्वीट्स' म्हणजे मिठाईला फाटा दिला.