मदत हवी आहे : बाळंतपणानंतर काखेत गाठ, पाजल्यावरही एका बाजूची उतरत नाही

बाळंतपणाला आज ५वा दिवस. तिसऱ्या रात्री दूध उतरलं, छाती दगडासारखी झाली आणि सकाळी पाहते तर दोन्ही काखांत सूज. हात अंगाला लावून झोपता येत नाही, कूस बदलली तरी कळ येते. ताप नाही, कातडी लाल नाही.

डावीकडे पाजलं की काखेतली सूज छातीबरोबर मऊ पडते. उजवीकडे छाती रिकामी होते, पण काखेतली लिंबाएवढी गाठ टणकच राहते. तपासायला आलेल्या डॉक्टर "दूध आलंय, होतं असं" म्हणून पुढे गेल्या. दुधाचा काखेशी काय संबंध, ते विचारायचं राहूनच गेलं. घरात कोणी म्हणतं शेकून चोळ, कोणी म्हणतं हात लावू नकोस. रात्रभर मनात कॅन्सरच येतो. कोणी समजावून सांगेल का? उजवीकडून पाजत राहू ना?

प्रतिसाद :
ताई, मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. दोन्हीकडून पाजत राहा. स्तनाचं वरचं, बाहेरच्या बाजूचं टोक शेपटीसारखं काखेत शिरलेलं असतं. डावीकडे तेच भरतंय. त्याच्या नळ्या स्तनाग्रापर्यंत जातात, म्हणून बाळ प्यायलं की ते रिकामं होतं.

उजवीकडे बहुधा सुटी दूधग्रंथी आहे. गर्भात काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना दूधरेषा उमटते. पुढे ती छातीपुरती उरते, बाकीची विरते. काही जणींच्या काखेत तिचा तुकडा राहून जातो आणि वर्षानुवर्षं कळतही नाही. वार पडली की प्रोजेस्टेरॉन (गरोदरपणात दूध रोखून धरणारं संप्रेरक) झपाट्याने उतरतं, दूध तयार करायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला मोकळं रान मिळतं आणि तो तुकडाही दूध करू लागतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून टणकपणा. चोळू नका, पिळू नका, शेकूही नका, कारण त्याने सूज वाढते. गार पाण्याची घडी ठेवा. दूध साचून राहिलं की तिथलं काम आपोआप थंडावतं. सहसा १-२ आठवड्यांत गाठ ओसरते.

मात्र स्तनातला सुमारे ७५ टक्के लसीकाद्रव (पेशींभोवतीचं झिरपलेलं पाणी, लिम्फ) काखेतल्या लसीकाग्रंथींकडे, म्हणजे तो गाळून जंतू अडवणाऱ्या छोट्या गाठींकडे जातो, त्यामुळे स्तनात जंतुसंसर्ग झाला तर त्याही सुजतात. ताप आला, लाली चढली तर त्याच दिवशी दाखवा. २ आठवड्यांनंतरही गाठ तशीच असली तर सोनोग्राफी करून घ्या.

धागाकर्ती :
गार घडी ठेवून तासभर हात सैल सोडून झोपले, बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच. मनापासून आभार. पुढच्या खेपेलाही असं होईल का?

प्रतिसाद :
होऊ शकतं. तेव्हा गरोदरपणातच डॉक्टरांना सांगून ठेवा.