सासूबाईंचं बोलणं मी ‘नीट’ करून पाठवलं, चुकलं का?

घणसोलीची_सून
मुंबईत एका म्युझियममध्ये मॉडर्न आर्टचं प्रदर्शन आहे, त्यात चित्रांच्या शेजारी साध्या लोकांनी लिहिलेली कार्डं पण लावणारेत, म्हणजे कोळी, विणकर, शाळेतली पोरं वगैरे. त्यासाठी आमच्या महिला मंडळाला आधीच एकदा फिरवून आणलं. मी सासूबाईंना नेलं, वय ७४, माहेर उरणकडचं, लहानपण सगळं मिठाच्या आगरात गेलेलं. आधी भराभर पुढे जात होत्या, ‘ह्यात काय बगायचा’ चालू होतं, आणि चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या एका चित्रासमोर ज्या थांबल्या त्या हलेचनात. पिवळट तांबूस रंग, मधे धुरकट काहीतरी, बाकी काही नाही. म्हणतात, "ह्यो तं आपला आगर हाय. पानी आटत आला का असाच दिसतं. मंग बापूस बोलायचा, आता पाय नको टाकू."

घरी येऊन मी कार्डवर लिहिलं, ‘हे चित्र पाहून मला मिठागराची आठवण झाली.’ पाठवलं पण. आता दोन दिवस डोक्यात तेच, की मी काय करून बसले. दुसरीकडे असंही वाटतं की चित्रकाराच्या मनात आगर थोडंच असणार, मग जसंच्या तसं लावलं तर हसतील का लोक त्यांना?

खारफुटी
चुकलं 🙂 पण कार्ड छापलं नसेल अजून, फोन कर आधी. बाकी चर्चा नंतर.

रोलरवाला
जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलोय म्हणून दोन शब्द. गायतोंडे ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ शब्द पण टाळायचे, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे चित्र कशाचंच नाही. तेव्हा हे आगर आहे असं त्यांनी मान्य केलं नसतं हे खरं. पण ते काम कसं करायचे ते बघ, रंगाचा थर द्यायचा, रोलर फिरवायचा, पॅलेट नाइफने खरवडायचं, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचा, परत थर. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. आणि आगरात काय, खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हात आटवायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत, महिनेच्या महिने. सासूबाईंना सारखेपणा दिसला तो नुसत्या रंगाचा नाही. ‘आटत आला’ हे त्यांच्या बोलण्यातलं मेन होतं आणि तेच तू खाल्लंस. २०१४ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा ढिगाने लिहिलं गेलं, ध्यान, झेन, शांतता. ‘पाय नको टाकू’ त्यापेक्षा जवळ जातं असं माझं मत, भांडायला तयार आहे.

तलावपाळी_ठाणे
मला हा कार्डांचा प्रकारच पटत नाही, स्पष्ट बोलतो. चित्रकाराचं नाव मोठ्या अक्षरात, साल, माध्यम, सगळं, आणि कार्डाखाली काय तर ‘उरणची एक महिला’. वारली चित्रांचं काय झालं आठवा. लग्नात भिंतीवरचा चौक बायका लिहायच्या, पिढ्यानपिढ्या, एकीचं नाव कुठे नोंदलेलं नाही. १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे कागदावर काढायला लागले तेव्हा जगाला एक नाव कळलं, २०११ला पद्मश्री मिळाली, चांगलंच झालं, मोठाच माणूस. पण त्या बायका राहिल्याच ना. त्यामुळे बोली ठेवा नाहीतर काढा, आधी विचारा नाव छापणार का.

खारफुटी
@तलावपाळी नावाचं बरोबर. बोलीचं पण सोपं नाही पण. मी स्वतः आगरी आहे, टीव्हीवर आमची भाषा आली की समजायचं आता विनोद होणार. लोक कार्ड वाचून हसतील ही तिची भीती खोटी नाही. तरी ठेवावं. हसणारे हसतील, उरणची बाई आली तर ती थांबेल तिथे.

रोलरवाला
आणि खाली प्रमाण मराठीत भाषांतर नको प्लीज, कळतं सगळ्यांना.

घणसोलीची_सून
फोन केला. छापलं नव्हतं, जसं बोलल्या तसं पाठवलंय. नावाचं विचारलं तर त्या मॅडम म्हणाल्या तसा कॉलमच नव्हता फॉर्ममध्ये, पण टाकतो. मग सासूबाईंना विचारलं टाकू ना नाव, तर म्हणतात, टाक पण माहेरचा टाक, आगर काय तुज्या सासऱ्याचा होता? सासरे समोरच जेवत होते 😄

आता त्यांच्या उरणच्या दोन बहिणींना पण चित्र दाखवायचंय. उरण लोकलने नेरूळला येऊन हार्बर पकडली तर सीएसएमटीला जिने किती चढावे लागतील, एकीचे गुडघे गेलेत, कोणी सांगेल का?