मदत हवी आहे: दुपट्याचे चौकोन जोडले, मधेच फुगतंय. बारसं रविवारी!

मामी_मंगळवारपेठ · मंगळवार, रात्री ११.४०

चिंध्यांचं दुपटं शिवतेय. चौकोन जोडून झाले, पण अंथरलं की मधे पुरीसारखं फुगतं आणि कडेला ओढ बसते. दोनदा उसवलं, परत शिवलं, इस्त्री केली, तरी तेच. घट बसायच्या आधीची धुणी निघाल्यात, घरात बाळंतीण आहे, दारात रोज पाहुणे. मला रात्री साडेदहानंतर दीड तास मिळतो, तोही बाळ झोपलं तर. रविवारी बारसं आहे. काय चुकतंय? लवकर सांगा.

धावदोरा · मंगळवार, रात्री ११.५८

मशीनवर शिवताय की हातानं? कापड कसलं? चौकोन केवढे? खाली काही अंथरलंय की नुसता वरचा भाग जोडलाय? एवढं कळल्याशिवाय सांगायचं कसं?

राजारामपुरी_सातवी_गल्ली · बुधवार, सकाळी ६.५०

ताई, मशीनच्या दोऱ्याचं टेन्शन बघा आधी. माझ्याकडं हुबेहूब असंच व्हायचं. बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याला धरून लोंबकळत सोडा आणि हलका झटका द्या. थोडीशी खाली सरकली पाहिजे. सरसर आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. पायाची मशीन असेल तर तेलही घाला, पावसाळ्यात जाम होते.

गडहिंग्लजची_सून · बुधवार, सकाळी ७.२५

चौकोन जोडायचेच कशाला? आमच्याकडं वाकळ अशी कुणी शिवत नाही. जुनं लुगडं खाली अंथरायचं, त्यावर तुकडे मांडायचे, कडा आत दुमडायच्या आणि काठापासून धावदोरा घालत घालत मधे यायचं. तुकडा खालच्या कापडाला धरूनच बसतो, फुगणार कुठून? माझ्या सासूबाईंनी आयुष्यात मशीनला हात लावला नाही, त्यांच्या वाकळी अजून अंगावर आहेत.

मामी_मंगळवारपेठ · बुधवार, दुपारी १.१०

टेन्शन ठीक आहे. त्याच मशीनवर मी वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. चौकोन पाच इंची, पाव इंच शिलाई, सात ओळी, प्रत्येक ओळीत आठ. खाली अजून काही नाही. कापड ब्लाऊजच्या कातरणीतलं, माझ्याकडं गोणीभर साठलंय, म्हणून तर काढलं.

धावदोरा · बुधवार, दुपारी १.३२

म्हणजे साडेचारचे चौकोन, तयार माप साडेएकतीस बाय छत्तीस. दुपट्याला बरोबर आहे. आता शिलाईचं बघा. आठ चौकोनांच्या ओळीत सात शिलाया. प्रत्येकीत दोन्ही बाजूंनी अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेलं तर ओळ पाऊण इंचाहून जास्त आखडते. दुसरी ओळ बरोबर मापाची असली की तिला हिच्याबरोबर ओढून बसवावं लागतं. सगळ्या ओळी पट्टीनं मोजल्यात का?

मामी_मंगळवारपेठ · बुधवार, दुपारी ३.०५

मोजल्या. दोन ओळी अर्धा इंच कमी, बाकीच्या सारख्या. पण फुगतंय ते त्या ओळींत नाही, मधल्या तीन ओळींत.

शिलाईवाले_काका · बुधवार, संध्याकाळी ५.४०

वहिनी, लक्ष्मीपुरीत माझं तीस वर्षं शिवणकाम आहे, म्हणून विचारतो. कातरण कटोरी ब्लाऊजची आहे का? कटोरी आणि पट्ट्या आपण क्रॉसमध्ये काढतो, मग उरलेला तुकडाही तिरकाच राहतो. त्यात चौकोन बसवून कापला की कडा उरेबमध्ये, म्हणजे तिरक्या धाग्यात, जाते आणि उरेबातलं कापड ताणतं. शिवताना पायाखाली ते लांबतं, शेजारचा सरळ चौकोन लांबत नाही, आणि जादा कापड मधे उभं राहतं. एक चौकोन हातात घ्या, समोरासमोरच्या कडा धरून ओढा. उभ्या-आडव्या धाग्यात असेल तर ताठ राहील, तिरका असेल तर रबरासारखा येईल. चौकोन कापले कुणी?

मामी_मंगळवारपेठ · बुधवार, रात्री १०.५५

काका, मुलीनं कापले. बाळंतिणीचा शेक-शेगडी करून माझा हात मोकळा होत नव्हता, म्हणून तिला पुठ्ठ्याचा साचा करून दिला. तिनं जिथं बसेल तिथं ठेवून कापले. आत्ता ओढून बघितले. छप्पन्नपैकी एकोणीस तिरके निघाले, त्यातले बरेच मधल्या ओळींत. ब्लाऊजच्या कटिंगमध्ये मी धागा बघितल्याशिवाय कात्री लावत नाही, आणि इथं मला सुचलंच नाही. तिला मी काहीच बोलले नाही, शाळेतून येऊन एवढं केलंन तिनं.

शिलाईवाले_काका · बुधवार, रात्री ११.२०

मग सोपं आहे. तिरक्या तुकड्यांना तांदळाची पातळ खळ लावा, सावलीत वाळवा, मग इस्त्री करा. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. खळीनं कापड कडक होतं, ताणत नाही. परत साचा ठेवून कडा सारख्या करा आणि मशीनवरच मारा. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते. हातशिलाईत तुमचा आठवडा जाईल.

गडहिंग्लजची_सून · गुरुवार, सकाळी ७.०५

काका, एकोणीस चौकोन उसवायचे, खळ करायची, वाळवायची, परत कापायचे, परत जोडायचे, आणि त्यानंतर अस्तर लावून टाके घालायचे ते वेगळंच. हातानं जास्त वेळ जातो हे खरं नाही. बत्तीस बाय छत्तीसचं दुपटं, इंचभर अंतरानं टाक्यांच्या ओळी घातल्या तर ३२ गुणिले ३६ म्हणजे ११५२ इंच, ३२ वार शिलाई. रोज दीड तास, तीन रात्री. वाकळीसारखं अर्धा इंचावर घालायला गेलात तर दुप्पट होईल, पण दुपट्याला ते लागत नाही. वहिनी, चौकोन सुटे करा आणि एखाद्या जुन्या मऊ लुगड्यावर टाचा.

शिलाईवाले_काका · गुरुवार, सकाळी ९.१५

हाताचे टाके लांब पडतात. बाळाचं बोट दोऱ्यात अडकतं. मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

गडहिंग्लजची_सून · गुरुवार, सकाळी ९.४०

लांब टाका घालणारीचा हात तसा असतो, पद्धतीचा दोष नाही. दुपट्याला टाका तांदळाच्या दाण्याएवढाच घालायचा. गाठही वर ठेवायची नाही, दोन पदरांच्या मधे ओढून घ्यायची.

निवृत्त_सिस्टर · गुरुवार, सकाळी ११.००

वादात पडत नाही, पण बोट अडकतं हे काकांचं बरोबर आहे. धाग्याचा फास बारीक बोटावर घट्ट बसला की रक्तप्रवाह थांबतो आणि बाळ नुसतं रडत राहतं, कारण पटकन कळत नाही. ब्लाऊजच्या कातरणीत क्रेप, जॉर्जेट, जरीची किनार असेल तर ती बाळाच्या अंगाकडं नको. फक्त सुती वापरा. आणि बाळ झोपलं की दुपटं तोंडापर्यंत ओढू नका, खाली अंथरायला ठेवा. टाचण्या लावणार असाल तर मोजून लावा आणि मोजून काढा.

इचलकरंजीकर · गुरुवार, दुपारी १२.३०

सुतीचं म्हणाल तर नवं पॉपलीन पहिल्या पाण्यात आटतं. अस्तराचे तुकडे असतील तर आधी भिजवून वाळवा, नाहीतर बारशाला सपाट दिसेल आणि पहिल्या धुण्यानंतर परत चुण्या. आमचं माग आहे, रोज कापड बघतो. आता सगळ्यांना मलमल नाहीतर केंब्रिक पाहिजे. पूर्वी कोल्हापुरात शाहू मिलचं कापड असायचं. शाहू महाराजांनी १९०६ साली मिल काढली. माझे आजोबा तिथं कामाला होते आणि आमच्या घरातल्या सगळ्या वाकळींची पाठ त्या मिलच्या मांजरपाटाची होती. असं कापड परत बघितलं नाही.

पंचगंगा_घाट · गुरुवार, दुपारी २.१५

घाटावर वाकळी धुवायला जाणाऱ्यांसाठी सांगते. पहाटे सहाच्या आत गेलात तर जागा मिळते, नंतर पाय ठेवायला जागा नसते. वाकळ दोघींनी धरून पिळायची, एकटीनं पिळली की टाके तुटतात. आणि पायऱ्यांवर वाळत घालू नका, शेवाळ आहे, डाग जात नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली · गुरुवार, दुपारी २.५०

पण पंधरवड्यात बारसं कसं काय? आमच्याकडं पितृपक्षात असं काही करत नाहीत, घट बसल्यावर करतात. मग तुम्हाला आठवडा मिळेल.

मामी_मंगळवारपेठ · गुरुवार, रात्री १०.४०

बारावा दिवस आला की बारावा दिवस. सासूबाईंनी ठरवलंय, त्यावर मी बोलणार नाही. आणि नणंदेच्या सासरची माणसं साताऱ्याहून गाडी ठरवून येणार आहेत.

उसवून सगळे सुटे केले. सिस्टर, तुमचं वाचून क्रेप आणि टेरिकॉट वेगळं काढलं. अठ्ठेचाळीस सुती उरले. लुगड्याचं सांगायचं राहिलं. आजेसासूबाईंचं इरकली लुगडं घरात आहे, त्या गेल्या वर्षी गेल्या. हे बाळ त्यांचं पणतवंड. नणंद त्यांच्या कुशीत वाढली. खाली तेच घालायचं मनात होतं, पण कात्री लावायला हात होत नाही. अख्खं घडी घालून वापरता येईल का?

गडहिंग्लजची_सून · गुरुवार, रात्री ११.०५

अहो, हे आधी सांगायचं ना! अख्खं नाही जमणार. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, छत्तीसच्या घड्या घातल्या तर नऊ पदर होतील, सुई जाणार नाही. विरलंय का कुठं?

मामी_मंगळवारपेठ · गुरुवार, रात्री ११.१२

पदर शाबूत आहे. मधे बसायच्या जागेला विरलंय, उजेडात धरलं की पलीकडचं दिसतं.

गडहिंग्लजची_सून · गुरुवार, रात्री ११.३०

मग विरल्या भागातलं दोन वार काढा, छत्तीस-छत्तीसचे दोन पदर होतात. विरलं कापडच बाळाला मऊ लागतं, नव्यात ती ऊब नाही. पदराला आणि उरलेल्या सात वारांना हात लावू नका, ते नणंदेला द्या. पन्हा किती आहे? पंचेचाळीस असेल तर वरच्या पदराला रुंदीत तेरा इंच जादा आहे. दोन्ही बाजूंनी साडेसहा-साडेसहा आत घ्या, काठ आपोआप दर्शनी बाजूला चौकटीसारखा येईल. मग चौकोनही कमी लागतील, मधल्या जागेत चार ओळी आठाच्या बसतात.

शिलाईवाले_काका · शुक्रवार, सकाळी ८.३०

हे काठाचं डोकं चांगलं चाललंय. मान्य करतो. फक्त बाहेरची कड मशीनवर मारून घ्या, ती ओढाताणीत उसवते. काठाचा रंग जातो का ते बघा. पांढरा रुमाल ओला करून काठावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा.

राजारामपुरी_सातवी_गल्ली · शुक्रवार, सकाळी ९.००

रंगाला मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं. आमची आई तेच करायची.

इचलकरंजीकर · शुक्रवार, सकाळी ९.२०

मिठानं जाणारा रंग थांबत नाही. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंगवून झालेल्या कापडाला नाही. जाणारा असेल तर धुऊन धुऊन जादा रंग काढून टाकणं एवढंच हातात आहे.

मामी_मंगळवारपेठ · शुक्रवार, रात्री ११.५०

पन्हा पंचेचाळीसच निघाला. रुमाल पांढराच राहिला, लुगडं इतक्या वेळा धुतलंय की जायचा रंग कधीच गेला असणार. माझ्या लग्नातल्या खणाचा एक लाल चौकोन होता, त्याचा मात्र गुलाबी डाग उठला. तो काढला. बत्तीस चौकोन मांडले, कच्चे टाके घातले. तिरके तुकडेही आहेत त्यात, पण लुगड्यावर टाचल्यावर गप बसलेत. आता धावदोरा सुरू केलाय. सासूबाई पलीकडून टाके घालायला बसल्या. दोघींचे हात वेगळे आहेत, त्यांचा टाका बारीक. त्या दोन ओळी कमी का आल्या तेही कळलं, साच्याचा पुठ्ठा एका कोपऱ्याला दुमडला होता.

धावदोरा · शनिवार, सकाळी ७.१५

क्रेप आणि टेरिकॉटचं काय करणार? टाकू नका. दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून वेणी घाला आणि गोल गोल शिवत जा, पायपुसणं होतं. अगदी बारीक कातरण लोडात भरायची.

मामी_मंगळवारपेठ · शनिवार, रात्री १२.३५

झालं. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या त्या सासूबाईंनी घातल्या, मी उद्याच्या घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालत होते. सपाट बसलंय, कुठं ओढ नाही. चोवीस टाचण्या लावल्या होत्या, चोवीस काढल्या, मुलीनं डबीत दोनदा मोजल्या. चारी कोपऱ्यांना तिच्याकडूनच एकेक टाका घालून घेतला. आत्ता धुऊन माडीवर वाळत घातलंय, पंखा लावून ठेवलाय. काका, कड मशीनवर मारली. गडहिंग्लजच्या वहिनी, लुगड्याचे सात वार नणंदेच्या पेटीत गेले.

पंचगंगा_घाट · रविवार, सकाळी ६.१०

सावलीत वाळवा हं, उन्हात इरकलीचा काठ विटतो.

मामी_मंगळवारपेठ · रविवार, सकाळी ६.४०

हो, आतच आहे. कोपरे थोडे दमट आहेत, इस्त्री ठेवून-उचलून घेतेय. पाळणा बाराला.